रविवारचं उसनं

मॉरी ट्रेलोअर परत येणार नाही हे कळलं तो रविवार होता. सकाळपासून उत्तरेचा गरम, कोरडा वारा सुटला होता. तो वारा आला की आमच्याकडे दारं आपटतात, दातांखाली धूळ करकरते आणि माणसं विनाकारण एकमेकांवर खेकसतात. दुपारी दोन मस्टँग विमानं आखातावर नेमबाजीच्या सरावाला गेली होती. त्यातलं एकच परत आलं.

मी धावपट्टीच्या कडेला चाकांपुढे लावायचे लाकडी ठोकळे घेऊन उभा होतो. एका इंजिनाचा आवाज आला. दुसऱ्याची वाट बघत आम्ही सगळे माना वर करून थांबलो. क्लेम हार्टिगनने विमान उतरवलं, जागेवर आणून उभं केलं, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिला. मी पंखावर चढलो आणि त्याचे पट्टे सोडवायला हात घातला.

"साहेब, मॉरी मागे आहे का?"

"तो पडला, लेन," क्लेम म्हणाला. "इंजिनातून धूर निघाला. त्याने उडी मारली. मी बघितलं. पण पांढरं काही उघडलं नाही."

वारा आमच्याकडून पॅराशूटच्या खोलीकडे वाहत होता. खोलीच्या दारात पॅराशूट बांधणारी नोएलीन उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं. बाकीचे सगळे आखाताच्या दिशेला बघायला लागले. ती मात्र वळली आणि आत गेली.

मी तिच्यामागे गेलो तेव्हा ती लांब टेबलापाशी उभी राहून घडीवर ठेवायच्या वजनाच्या पिशव्या मोजत होती.

"सात आहेत," ती म्हणाली. "लेन, तू मोज."

मी मोजल्या. सातच होत्या. आठ हव्या होत्या.

मॉरीच्या विमानातलं पेट्रोल संपायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, तरी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणी हँगरची दारं लावली नाहीत.

आमची स्क्वाड्रन राखीव दलातली. आठवडाभर आपापला धंदा करायचा आणि शनिवार-रविवार हवाई दलाचे कपडे चढवायचे. मी प्लंबर. तळावर विमानाचे पत्रे, पंख, चाकं यांची दुरुस्ती माझ्याकडे असे. क्लेम शाळामास्तर. मॉरीची बार्लीची शेती होती. त्याची आई कडक मेथॉडिस्ट पंथाची. पोरगा प्रार्थना सोडून रविवारी गोळ्या झाडायला जातो म्हणून ती त्याच्याशी सोमवारपर्यंत बोलत नसे. एका बँकेचा मॅनेजर आमच्यात कॉर्पोरल होता आणि त्याचाच कारकून वैमानिक, म्हणजे अधिकारी. मॅनेजर रविवारी त्याला सलाम ठोकायचा आणि सोमवारी वचपा काढायचा. पक्क्या नोकरीतले सैनिक आम्हांला 'चर्च चुकवे' म्हणायचे. "शत्रूला कळवून ठेवा रे," ते म्हणायचे, "यायचं तर शनिवारी या, एरवी आमचे वीर दुकानात असतात."

आमच्यात एक शब्द होता, 'रविवारचं उसनं'. तळावरची एखादी वस्तू घरी लागली की माणूस ती रविवारी संध्याकाळी गाडीत टाकायचा. पाना, घोंगडी, चहाचा मग, दोरी. चोरी कुणी म्हणत नसे. "उसनं नेतोय" म्हणायचं, म्हणजे पुढच्या रविवारी परत येणार. परत काही येत नसे. त्या काळी आमच्या गावात ज्या घरात हवाई दलाची घोंगडी नव्हती ते घर स्क्वाड्रनमधल्या माणसाचं नव्हतं असं खुशाल समजावं.

नोएलीन पक्क्या नोकरीत होती. पॅराशूटची घडी घालणं हे तिचं काम. रेशीम लांब टेबलावर पसरायचं, एकेक पाकळी सरळ करायची, दोऱ्या ओळीने लावायच्या. घडी हलू नये म्हणून तिच्यावर वजनं ठेवायची. ही वजनं म्हणजे शिशाचे छर्रे भरलेल्या लांबट पिशव्या. जुन्या फाटल्या तेव्हा तिने स्वतः नव्या शिवल्या, गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा लावला. घडी बंद करताना पिशवी आत राहिली तर गोंडा दिसावा म्हणून. बंद करण्याआधी मोजायच्या, आठ भरल्या की मगच गाठ मारायची. आत एखादी राहिली तर रेशीम दबून राहील आणि पॅराशूट उघडणार नाही.

मॉरीचं पॅराशूट तिने आदल्या दिवशी, शनिवारी, बांधलं होतं.

"मी मोजल्या होत्या," ती मला म्हणाली. "मी नेहमी मोजते."

"मग झालं तर."

"पण लेन, ते मोजणं मला आठवतंय ते या शनिवारचं, की मागच्या शनिवारचं? रोज दात घासतोस ना? काल घासलेस ते आठवतं का तुला?"

पुढे तिच्याशी चाळीस वर्षं संसार केला, तरी याचं उत्तर मला देता आलं नाही.

कोळ्यांना दोन दिवसांनी तेलाचा तवंग आणि एका चाकाचं झाकण मिळालं. आखात तिथे खोल नाही, पण तळाशी गवत आणि गाळ फार. विमान सापडलं नाही, मॉरीही नाही. चौकशी झाली. नोएलीनने चौकशीच्या अधिकाऱ्याला पिशवीचं आपण होऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि ही गोष्ट बाहेर बोलायची नाही अशी ताकीद दिली. निष्कर्ष निघाला की कारण सांगता येत नाही.

क्लेमचं वाक्य मात्र आधीच सगळीकडे पोचलं होतं. पांढरं काही उघडलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या शनिवारी एका वैमानिकाने तिच्या हातून पॅराशूट घेतलं, हातावर तोललं आणि म्हणाला, "जरा जड वाटतंय का गं?" तो थट्टा करत होता असं मी आजही धरून चालतो. हिवाळ्याआधी तिने नोकरी सोडली. वसंतात आम्ही लग्न केलं. स्क्वाड्रनला पुढे जेट विमानं मिळाली, चार वर्षं ती उडाली, मग सरकारने विमानंच काढून घेतली आणि राखीव वैमानिकांना सांगितलं की आता जमिनीवरच बसा.

आमच्या घरी जेवण झालं की चमचे मोजून खणात जायचे. चादर घडी करून कपाटात ठेवली की थोड्या वेळाने ती परत काढायची, उलगडायची, झटकायची आणि पुन्हा घडी घालायची. मुली हसायच्या. "आई, चादरीत काय बाबांना गुंडाळलंयस का?" तीही हसायची, पण झटकायची.

स्क्वाड्रनमधल्या कुणाच्या घरी गेलं की तिची नजर आधी दारांच्या मागे जायची. मग खिडक्यांच्या कठड्यांवर. मला कारण माहीत होतं. कुणीतरी पिशवी उसनी नेली असेल, एवढी एकच आशा तिला होती. पण विचारायची सोय नव्हती. 'तुमच्याकडे आमची पिशवी आहे का' म्हटलं की पिशवी हरवली होती हे सांगणं आलं. मग लोक काय ते समजले असते. म्हणून ती फक्त बघायची. केक घेऊन जायची, चहा प्यायची, हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दारापर्यंत जाऊन यायची. एकेक करून तिने सगळी घरं बघितली.

एका घरी आम्ही कधी गेलो नाही. क्लेम हार्टिगनच्या. त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं होतं, त्याच्या टेबलाशी बसून चहा तिच्या घशाखाली उतरला नसता. तो पलीकडच्या गावी मुख्याध्यापक झाला, निवृत्त झाला. रस्त्यात भेटला तर आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

या जूनमध्ये नोएलीन गेली. इस्पितळात शेवटी शेवटी ती पांघरुणाच्या चुण्या बोटांनी सरळ करत राहायची. नर्सला वाटायचं तिला थंडी वाजतेय.

ऑक्टोबरात क्लेमचा फोन आला.

"लेन, नोएलीनचं कळलं तेव्हा मी मुलीकडे होतो. यायला जमलं नाही. वाईट वाटलं."

"बरं."

"मी स्क्वाड्रनचा इतिहास लिहितोय. नोव्हेंबरच्या मेळाव्यात पुस्तक वाटायचंय. जमिनीवरच्या लोकांचं प्रकरण आहे, त्यात तिचा फोटो हवा. टेबलापाशी काम करतानाचा आहे का तुझ्याकडे?"

"मॉरीबद्दल काय लिहिलंयस?"

"जे बघितलं ते."

"वाचून दाखव."

कागद चाळल्याचा आवाज आला. "'ट्रेलोअरने विमानातून उडी घेतली, परंतु त्याचं पॅराशूट उघडलं नाही.' एवढंच आहे. कुणाचं नाव नाही, लेन."

"पुढच्याच पानावर तिचा पॅराशूट बांधतानाचा फोटो छापणार आहेस ना?"

छापखान्यात कधी देणार म्हणून मी विचारलं. शुक्रवारी, तो म्हणाला. मी येतो म्हटलं.

मी फोटो घेतला आणि गुरुवारी निघालो. गाडी चालवताना मी वाक्यं जुळवत होतो. 'ते वाक्य गाळ' असं त्याला म्हणायचं होतं. पण का गाळू, असं त्याने विचारलं तर माझ्याकडे काय होतं? पिशवीचं सांगायचं तर त्याचंच म्हणणं पक्कं होणार. न सांगावं तर मी नुसता बायको गेलेला म्हातारा, रडका. दोनदा मी गाडी कडेला घेतली. एकदा परत वळवलीसुद्धा, आणि पुन्हा वळवली. बाहेर बार्ली पिकायला आली होती आणि वाऱ्याने नुसती लोळत होती. उत्तरेचा वारा होता.

क्लेमची बायको डल्सी पुढच्या दारात आली. "या लेन, आत या लवकर, नाहीतर सगळं शेत घरात येईल. क्लेम मागे आहे. सरळ स्वयंपाकघरातून जा. दार उघडंच आहे."

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं आणि ते आपटू नये म्हणून खाली एक लांबट पिशवी लावलेली होती. कापड मळून करडं झालं होतं, पण पट्टे दिसत होते. एका टोकाला लोकरीचा गोंडा, उरलासुरला. लाल रंग मधोमध टिकून होता.

मी तिथेच खाली बसलो. माझे गुडघे बरे नाहीत, पण मी बसलो. पिशवी उचलली. टाके नोएलीनचे होते, जवळजवळ, शेवटी दोनदा मागे घेतलेले. आत छर्रे हलले.

"काय झालं, चक्कर आली का?" डल्सीने विचारलं. "क्लेम! अरे ये इकडे!"

क्लेम आला, चष्मा कपाळावर. "लेन? दाराशी काय करतोयस?"

"ही कुठून आणलीस?"

"ती होय? रविवारचं उसनं." तो हसला. "स्क्वाड्रन बंद झाली त्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही उचललं. मी घड्याळ आणलं आणि ही. हो ना गं?"

मॉरी गेला त्या दिवसापासून पिशव्या सातच होत्या. तिच्यानंतर दुसऱ्या मुलीने त्याच वापरल्या असणार. शेवटच्या दिवशी उचललेली पिशवी त्या सातांतली. म्हणजे आठवी अजून आखाताच्या तळाशी असू शकत होती.

"काहीतरीच बोलतोस," डल्सी म्हणाली. "घड्याळ तू आणलंस. ही आधीपासून आहे. शाळेच्या जुन्या घरापासून."

"तुला काय आठवतंय? तुला काल काय खाल्लं ते आठवत नाही."

"काल तुझं डोकं खाल्लं. लेन, ऐका. आमची ग्वेन रांगत होती. असाच वारा. दार आपटलं आणि तिचं बोट सापडलं, नख अजून वाकडं आहे तिचं. शुक्रवार होता. हे महाशय शाळेत, मी एकटी. नशीब मॉरी बियाण्यासाठी गावात आला होता, त्यानेच ट्रकमधून डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळावरून घरी जाताना तो दाराशी आला, हातात ही. म्हणाला, 'घे डल्सी, रविवारचं उसनं. शनिवारीच आणलंय, म्हणजे आगाऊ.' मी म्हटलं, कुणाची उचललीस रे? म्हणाला, 'टेबलावर होती, काम झालेलं होतं. पुढच्या शनिवारी लागेल तेव्हा सांगतो तिला.'"

मग ती हळू म्हणाली, "तो दिवस मी कसा विसरेन? त्यानंतर मी त्याला बघितलंच नाही."

पिशवी माझ्या हातात असल्यामुळे दार जोरात आपटलं आणि आम्ही तिघेही दचकलो.

मी त्यांना सगळं सांगितलं. आठ पिशव्यांचं, मोजण्याचं, चौकशीच्या अधिकाऱ्याने काय ताकीद दिली त्याचं. चमच्यांचंही सांगितलं. डल्सीने एप्रन तोंडाला लावला. "आणि ती एवढी वर्षं... अहो, एकदा आली असती तर. दारातच होती की पिशवी."

"आली नसती," मी म्हटलं.

क्लेम खुर्चीवर बसला. चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"पण पांढरं उघडलं नाही, लेन. मी बघितलं."

"काय बघितलंस?"

"काळं काहीतरी खाली पडताना. विमानापासून सुटलेलं. माणूस."

"माणूसच?"

"मग काय!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "तो धुरात होता. मी वरून बघत होतो, बराच वर. काहीतरी सुटलं आणि फिरत फिरत खाली गेलं."

मी मस्टँगवर सात वर्षं काम केलं. उडी मारायच्या आधी वैमानिक डोक्यावरचं काचेचं छत सोडून देतो, ते असंच फिरत पडतं. हे क्लेमला माझ्याइतकंच माहीत होतं.

"छत असेल म्हणतोस," तोच म्हणाला.

"मी काहीच म्हणत नाही. मॉरी बाहेर पडला की नाही ते आखाताला ठाऊक. मला एवढंच ठाऊक आहे की पिशवी त्याच्या पॅराशूटमध्ये नव्हती. ती तुझ्या दाराशी होती."

"मी खाली जाऊन बघायला हवं होतं."

डल्सी त्याच्याजवळ गेली. "क्लेम."

"नाही, बोलू दे. मी एक फेरी मारली. वरूनच. समुद्रावर धूळ आली होती, काही दिसत नव्हतं. मला वाटलं, बघितलंय तेवढं पुरे, जाऊन सांगावं. तो आत अडकला असेल, पाण्यावर विमान टेकवलं असेल, तर तो..." त्याने वाक्य सोडून दिलं. "उडी मारली आणि उघडलं नाही म्हटलं की सगळं वरच संपलं. खाली जायची गरजच नव्हती. कळतंय का तुला?"

मला कळलं. तो ते वाक्य का धरून बसला होता ते कळलं. त्याचा राग करावा म्हणून मी आलो होतो, पण समोर एक म्हातारा मास्तर बसला होता आणि टेबलावरच्या कापडाच्या चुण्या बोटांनी सरळ करत होता. नोएलीन पांघरुणाच्या करायची तशाच. एकाच रविवारचा दोघांनी आपापल्या घरात धसका घेतला होता, आणि मधे जेमतेम वीस मैलांचा रस्ता.

डल्सीने चहा केला. मटण भरलेल्या पेस्ट्या गरम केल्या. कुणी फारसं खाल्लं नाही. क्लेमने कागद आणले, ते वाक्य शोधलं आणि पेन्सिलने खोडलं. मग पेन्सिल हातात धरून बसला.

"काय लिहू?"

"जे बघितलंस ते."

"आणि जे नाही बघितलं ते?"

"तेही लिही."

त्याने 'ट्रेलोअरचं विमान' एवढं लिहिलं आणि थांबला. बाहेर वारा कमी झाला नव्हता. मला अंधाराआधी घरी पोचायचं होतं. माझी नजर आता रात्रीच्या रस्त्याला पुरत नाही.

निघताना डल्सीने पिशवी माझ्या हातात दिली. "तिची आहे, घेऊन जा."

"दाराला काय लावाल?"

"क्लेमला बसवते तिथे. एरवीही काही कामाचा नाही." ती हसली आणि लगेच रडली.

पिशवी आता आमच्या कपाटात आहे, चादरींवर. फोटो मी क्लेमकडे ठेवून आलो. शुक्रवारी छापखान्यात काही गेलं नाही. डल्सीचा फोन आला होता. म्हणाली, तो रोज सकाळी कागद घेऊन बसतो, दुपारी उठतो. ज्या जागी त्याने खोडलं तिथे कागद घासून घासून पातळ झालाय. मेळावा पुढच्या आठवड्यावर आला आहे. छापखानेवाला म्हणतो, ते एक पान सोडून बाकीचं पुस्तक तयार आहे.

क्लेमने ते वाक्य अजून पूर्ण केलेलं नाही.